ब्लॉगिंग आणि सोशल मीडियावरच्या परिषदेला जायचंय? मग असं जा

अशा परिषदेत व्यासपीठावरून जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं काही आठवड्यांत इंटरनेटवर येतं. व्हिडिओ चढतात, स्लाइड मिळतात, कुणीतरी सविस्तर वृत्तांतही लिहितं. मग तिकीट काढून, रजा टाकून तिथे जायचं कशासाठी? माणसांसाठी. नेटाने काही वर्षं लिहून एके दिवशी ब्लॉग बंद केलेला माणूस व्यासपीठावर क्वचितच बोलावला जातो. पण तो चहाच्या रांगेत तुमच्या पुढे उभा असू शकतो, आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं. पुढच्या सगळ्या सूचना हे गृहीत धरूनच वाचा.

आधी परिषद पारखून घ्या

नावात ‘ब्लॉगिंग’ किंवा ‘डिजिटल’ असलं म्हणून सगळ्या परिषदा एका जातीच्या नसतात. वर्डप्रेस हे ब्लॉग आणि संकेतस्थळं चालवायचं सॉफ्टवेअर. ते वापरणाऱ्यांचे वर्डकॅम्प २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाले आणि नंतर जगभर पसरले. ते स्वयंसेवक भरवतात, तिकीट मुद्दाम स्वस्त ठेवलेलं असतं आणि तिथली बरीच भाषणं वर्डप्रेस टीव्ही या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. ब्लॉगहर २००५ मध्ये ब्लॉग लिहिणाऱ्या स्त्रियांसाठी सुरू झाली. बर्लिनची रिपब्लिका २००७ पासूनची. तिथे ब्लॉगपासून सुरू झालेली चर्चा राजकारण आणि समाजापर्यंत गेली. २०१० मध्ये सुरू झालेली विडकॉन व्हिडिओ करणाऱ्यांची आणि त्यांच्या चाहत्यांची. बारकॅम्पचा प्रकार आणखी वेगळा: २००५ मध्ये पालो आल्टोत पहिला भरला, आणि तिथे कार्यक्रमपत्रिका आधी छापलेली नसते. सकाळी आलेली माणसंच फळ्यावर आपापले विषय लावतात. नवख्या माणसाला हा गोंधळ वाटतो. पण ऐकता ऐकता बोलतं व्हायचं असेल, तर त्याच्याइतकी चांगली जागा नाही.

तिकीट काढण्यापूर्वी गेल्या वर्षीची दोन-तीन भाषणं पाहा. वक्त्यांची यादी उघडा आणि प्रत्येकाच्या नावाखालचा हुद्दा वाचा. ईमेल पाठवण्याची सेवा विकणाऱ्या कंपनीचा अधिकारी ‘ईमेल का महत्त्वाचा’ या विषयावर बोलणार असेल, तर ती जाहिरात आहे हे धरून चाला. एखाद-दुसरं असं भाषण चालतं, प्रायोजकांशिवाय परिषदा उभ्या राहत नाहीत. पण अर्धी पत्रिका तशी असेल तर पैसे वाचवा. ‘महिन्याभरात लाखो वाचक’ अशा थाटाची शीर्षकं जास्त दिसली, तर मी तरी तिकडे फिरकत नाही.

तिकीट परवडत नसेल तर स्वयंसेवक म्हणून नाव द्या. बऱ्याच ठिकाणी कामाच्या बदल्यात प्रवेश मिळतो. काही परिषदा शिष्यवृत्ती देतात, तिची मुदत मात्र लवकर संपते. तिकीट रद्द केल्यावर पैसे परत मिळतात का, हेही आधीच बघा.

जाण्यापूर्वीची तयारी

एक कागद घ्या आणि तुमच्या लिखाणात सध्या कुठे अडलंय ते लिहा. दोन किंवा तीन प्रश्न, त्याहून जास्त नकोत. ‘वाचक कसे वाढवू?’ हा प्रश्न नव्हे, ती इच्छा झाली. ‘जुन्या लेखांवर शोधातून लोक येतात, पण दुसरा लेख न उघडताच निघून जातात’ हे सांगितलं, की समोरचा माणूस लगेच बोलू लागतो. कारण बहुतेक वेळा त्याचंही तेच झालेलं असतं.

मग वक्त्यांपैकी आणि येणाऱ्यांपैकी चार-पाच जण निवडा आणि त्यांचं लिखाण खरोखर वाचा. ‘तुमचं लिखाण आवडतं’ हे वाक्य त्यांनी असंख्य वेळा ऐकलेलं असतं. ‘तुम्ही वाचकांच्या प्रतिक्रिया बंद केल्यात, त्यानंतर पत्रं वाढली का?’ असं विचारणारा मात्र लक्षात राहतो. आधी एक छोटा संदेश पाठवायला हरकत नाही: कोण आहात, काय वाचलंत, भेटलात तर काय विचाराल. उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. परिषदेच्या आदल्या आठवड्यात वक्ते आपल्या स्लाइडच्या मागे लागलेले असतात.

स्वतःची ओळख दोन वाक्यांत बसवा. ‘मी ब्लॉगर आहे’ हे तिथे सांगून उपयोग नाही, सगळेच आहेत. कशावर लिहिता आणि कुणासाठी लिहिता, एवढं पुरे. अनुयायांचा आकडा कुणी विचारल्याशिवाय सांगू नका. मोठा असेल तर बढाई वाटते, छोटा असेल तर तुम्ही उगाच माफी मागितल्यासारखं बोलू लागता.

घर आवरून ठेवा, म्हणजे ब्लॉग. भेटलेला माणूस रात्री मोबाइलवर तुमचं पान उघडणार आहे. ‘माझ्याविषयी’ हे पान जुनं तर नाही ना? संपर्काचा पत्ता चालतो का? वर दिसणारा पहिला लेख तुम्हाला दाखवावासा वाटतो का? कार्डावर किंवा क्यूआर कोडमध्ये एकच पत्ता द्या. सात ठिकाणचे दुवे दिले की माणूस कुठेच जात नाही.

सामानाचं थोडक्यात: वही, पेन, चालून चालून न दुखणारी पादत्राणं आणि पॉवर बँक. विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी लागते आणि साधारणपणे १०० वॉट-तासांपर्यंतची परवानगीशिवाय चालते. २०,००० मिलीअँपिअर-तासांची, ३.७ व्होल्टची बँक ७४ वॉट-तासांची भरते, म्हणजे अडचण नाही. उड्डाणात ती वापरू देतात का, हे मात्र विमान कंपनीच्या नियमांत पाहून घ्या.

सभागृहात

पहिल्या सकाळी लवकर पोहोचा. नोंदणीच्या रांगेत सगळेच एकटे आणि थोडे अवघडलेले असतात. बोलायला याहून सोपी वेळ दिवसभरात मिळत नाही.

एकाच वेळी तीन दालनांत भाषणं असतील तर प्रसिद्ध नावामागे धावू नका, ते भाषण नक्की चित्रित होणार. कार्यशाळा किंवा छोट्या खोलीतली चर्चा निवडा. परिसंवादांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही: चार जण, पाऊण तास, त्यातला निम्मा वेळ ओळखींत आणि उरलेला एकमेकांना दुजोरा देण्यात. सूत्रसंचालक खमका असेल तरच जा.

बसायचं कडेला, वाटेजवळ. हॅरिसन ओवेन यांनी १९८०च्या दशकात मांडलेल्या ‘ओपन स्पेस’ या सभा भरवण्याच्या पद्धतीत दोन पायांचा नियम आहे: जिथे तुम्ही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून आपल्या दोन पायांनी उठून दुसरीकडे जावं. बारकॅम्पसारख्या मेळाव्यांत हा शिरस्ताच आहे, तिथे कुणाला राग येत नाही. नेहमीच्या परिषदेत एवढी मोकळीक नसते, पण भाषण बदलताना शांतपणे उठून जाणं चालतं.

टिपणं काढताना दाव्यासोबत त्याच्या अटी लिहा. सोशल मीडियाच्या भाषणांत आकडे फार फेकले जातात. ‘आमची पोहोच (म्हणजे किती जणांनी पाहिलं) तिप्पट झाली’ असं ऐकलं की वहीत चार प्रश्न उतरवा: किती काळात? कुठल्या माध्यमावर? जाहिरातीला पैसे घातले होते का? आणि मोजलं काय, पान उघडणं की शेवटपर्यंत वाचणं? अल्गोरिदमला, म्हणजे कुणाला काय दाखवायचं हे ठरवणाऱ्या संगणकीय यंत्रणेला, काय आवडतं हे कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर ते त्याला कसं कळलं, हे जरूर विचारा. कंपनीने जाहीर केलेलं, स्वतः करून पाहिलेलं आणि कुठेतरी ऐकलेलं, या तिन्हींची किंमत वेगवेगळी असते. शिवाय या क्षेत्रातला सल्ला लवकर शिळा होतो. ट्विटरची मर्यादा २०१७ मध्ये १४० अक्षरांवरून २८० झाली, २०२३ मध्ये त्याचं नावच एक्स झालं. जुन्या ट्विटरसाठी बेतलेल्या किती क्लृप्त्या आज कामाच्या राहिल्या असतील? चांगलं शीर्षक कसं लिहावं, वाचकाच्या पत्राला कसं उत्तर द्यावं, चूक झाली तर दुरुस्ती कशी छापावी, असल्या गोष्टी टिकतात. त्या ठळक लिहून ठेवा.

प्रश्नोत्तरांत एका वाक्याचा प्रश्न विचारा आणि खाली बसा. ‘प्रश्न नाही, एक मुद्दा मांडायचाय’ म्हणणारे तिथे पुरेसे असतात.

सभागृहाबाहेर

खरी परिषद इथे भरते. दिवसातलं एखादं भाषण मुद्दाम सोडा आणि बाहेर रेंगाळा. तिथे भेटणारे लोकही तेच करत असतात, म्हणून निवांत असतात.

घोळक्यात शिरायचं तर त्यांच्या उभं राहण्याकडे बघा. दोघं समोरासमोर तोंड करून बोलत असतील तर तो त्यांचा खासगी विषय आहे. बाजूला जागा मोकळी ठेवून उभे असतील तर जाऊन उभं राहा, थोडं ऐका, मग बोला. निघतानाही बहाणा लागत नाही: ‘बरं वाटलं बोलून, आता जरा इतरांनाही भेटतो’ एवढं म्हणून निघता येतं. आपल्या ओळखीच्या माणसाला चिकटून राहणं हा सगळ्यात मोठा मोह. दोघं मिळून गेला असाल तर जेवायला वेगवेगळ्या टेबलांवर बसा.

बोलायला संकोच वाटणाऱ्यांनी काहीतरी काम अंगावर घ्यावं. नोंदणीच्या टेबलावर बसलं की लोक आपणहून येतात, विषय शोधावा लागत नाही. दहा मिनिटांचं छोटं भाषण दिलं तर आणखी सोपं. त्यानंतर उरलेला दिवस लोकच तुमच्याशी बोलायला येतात. लाजाळू माणसाने भाषण द्यावं हे उलटं वाटेल, पण अनोळखी घोळक्यात शिरण्यापेक्षा ते पुष्कळांना कमी जड जातं.

कुणाशी चांगलं बोलणं झालं की बाजूला होऊन लगेच त्याच्या कार्डामागे किंवा वहीत दोन शब्द लिहा: काय बोललो, काय पाठवायचं कबूल केलं. संध्याकाळपर्यंत चेहरे आणि नावं एकमेकांत मिसळून जातात.

तिथून पोस्ट करताना

सोशल मीडियाच्या परिषदेत सगळेच प्रक्षेपण करत असतात. २००७ च्या मार्चमध्ये ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात ट्विटरने ये-जा करायच्या वाटांवर मोठे पडदे लावले आणि लोकांचे संदेश त्यावर झळकू लागले. ट्विटरचं नाव झालं ते तिथून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्रिस मेसिना या अमेरिकी तंत्रज्ञांनी हॅशटॅगची, म्हणजे # लावून एका विषयाच्या पोस्ट एकत्र शोधायची, कल्पना मांडली, आणि त्यांनी दिलेलं उदाहरण होतं बारकॅम्पचं. म्हणजे हॅशटॅगचं पहिलं उदाहरणच अशा मेळाव्याचं. त्याचा चांगला उपयोग आजही अशा मेळाव्यांतच होतो: कोण कोण आलंय, कुठल्या खोलीत रंग भरलाय, हे त्यावरून कळतं. अधिकृत हॅशटॅगचं स्पेलिंग नीट तपासा, एका अक्षराच्या फरकाने तुम्ही भलत्याच गर्दीत जाता.

पण भाषण चालू असताना सतत टाइप करू नका. वाक्य पकडायच्या नादात युक्तिवाद सुटतो. दोन भाषणांच्या मध्ये एकच पोस्ट लिहा. वक्त्याचं नाव आणि खातं द्या. अवतरणचिन्हांत तेच घाला जे त्याने शब्दशः म्हटलं. स्लाइडचा फोटो टाकणार असाल तर त्यावर काय लिहिलंय तेही मजकुरात द्या, म्हणजे ज्यांना चित्र दिसत नाही त्यांच्यापर्यंतही ते पोहोचेल.

प्रत्येकाला फोटोत यायचं नसतं. काही परिषदांत नको म्हणणाऱ्यांना ओळखपत्राची वेगळ्या रंगाची गळ्यातली पट्टी किंवा स्टिकर देतात, तो रंग आधी माहीत करून घ्या. रंगाची सोय नसेल तर सरळ विचारा. खासगीत सांगितलेली गोष्ट लिहिण्यापूर्वी तर विचारायलाच हवं. एखादं सत्र ‘चॅटम हाउस नियमा’ने (चॅटम हाउस ही लंडनची अभ्याससंस्था) होणार असं जाहीर झालं, तर तिथे कळलेलं वापरता येतं, पण ते कोण बोललं किंवा तो कुठल्या संस्थेचा, हे सांगता येत नाही. १९२७ पासून चालत आलेला हा नियम आहे.

राहण्याचं ठिकाण तिथे असेपर्यंत जाहीर करू नका. परिषदेच्या खुल्या वायफायवर ब्लॉगच्या व्यवस्थापन पानात शिरण्याऐवजी स्वतःचा मोबाइल डेटा वापरा. आणि तिकीट किंवा प्रवासखर्च आयोजकांनी दिला असेल तर लेखात तसं लिहा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्येच मिळालेला मोबदला उघड करण्याविषयीच्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत ब्लॉगरांनाही धरलं. सूचना नसत्या तरी वाचकाला हे कळायला हवं.

आचारसंहिता वाचा. त्रास झाला तर कुणाला सांगायचं, त्या माणसाचं नाव आणि नंबर पहिल्याच दिवशी मोबाइलमध्ये ठेवा.

परतल्यावर

दोन-तीन दिवसांत, कार्डांमागचे शब्द ताजे असतानाच, पत्रं लिहा. सगळ्यांना एकच मजकूर नको. जे पाठवायचं कबूल केलं होतं ते आधी पाठवा, त्यानंतर बाकीचं.

ब्लॉगवर लिहाल ते ‘मग अमुक बोलले, मग तमुक बोलले’ असं इतिवृत्त नसावं, ते आयोजक लिहितातच. जाताना नेलेल्या प्रश्नांपैकी एकाचं काय उत्तर मिळालं, कुणाकुणाची मतं जुळली नाहीत, आणि तुम्हाला कुणाचं पटलं, हे लिहा. उल्लेख केलेल्यांना दुवा पाठवा. त्यांनी चूक दाखवली तर ती दुरुस्त करून तसं नमूद करा.

वहीत सुधारणांची लांबलचक यादी झालेली असेल. त्यातली एकच निवडा आणि महिनाभर करून पाहा, आधीचा आकडा लिहून ठेवून. एकदम चार बदल केले तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. महिन्याने जे हाती लागेल, ते यशस्वी असो वा फसलेलं, पुढच्या परिषदेसाठी भाषणाचा प्रस्ताव म्हणून पाठवता येईल. प्रस्ताव बहुधा काही महिने आधी मागवले जातात, तेव्हा आयोजकांच्या बातमीपत्रात आत्ताच नाव नोंदवून ठेवा.