ताकद कमी की वेळ चुकते? मज्जारज्जूच्या इजेनंतरची चाल कशी तपासावी

मज्जारज्जूची इजा अपूर्ण असली की मेंदूचे काही संदेश खाली पोचत राहतात आणि माणूस वॉकर धरून का होईना, चालायला लागतो. पाय घासतो, गुडघा मागे फेकला जातो. मग घरचे ‘ताकद कमी आहे’ म्हणून पायाला वजनं बांधून व्यायाम करून घेतात. पुष्कळदा ताकदीपेक्षा वेळेची खोट मोठी असते. पाऊल उचलताना नडगीच्या पुढचा स्नायू ओढतो, तेव्हा पोटरीने सैल पडायचं असतं. इजेनंतर दोन्ही एकदम आखडतात आणि घोटा मधल्यामध्ये अडकतो.

आधी घोटा बघा. रुग्णाला उताणं झोपवा, गुडघा सरळ ठेवा. टाच तळहातात धरून पाऊल नडगीकडे अगदी सावकाश दाबा, मग तेच एकदा झटकन करा. सावकाश पूर्ण वळतं पण झटक्यात मध्येच अडतं, तर ती स्पॅस्टिसिटी, म्हणजे झटका बसला की स्नायूचं आपोआप आखडणं. सावकाशही अडतं, तर स्नायू आखूड झालाय. तिथे रोजचं ताणणं लागतं, स्पॅस्टिसिटीची गोळी त्याला पुरत नाही. आता गुडघा वाकवून पुन्हा दाबा. पाऊल जास्त वळलं, तर अडथळा पोटरीच्या वरच्या, गुडघा ओलांडणाऱ्या स्नायूत आहे.

मग खुर्चीत बसवून नुसतं पाऊल उचलायला सांगा. येत नसेल, तर अख्खी मांडी उचलायला सांगा. तेव्हा पाऊलही आपोआप वर आलं, तर स्नायू जिवंत आहे. तो एकटा चालवता येत नाही, इतकंच. हाच माणूस चालताना पाय पुढे टाकून गुडघा सरळ करायला गेला, की पाऊल पुन्हा खाली लोंबतं आणि टाचेऐवजी चवडा आधी टेकतो. स्लिपरचा पुढचा काठ झिजलाय का बघा. व्हिडिओच्या आधी चप्पलच सांगते.

चालीसाठी 14 मीटरची मोकळी जागा घ्या. पहिले आणि शेवटचे 2 मीटर सोडून मधल्या 10 मीटरचीच वेळ मोजा. 25 सेकंद लागले, तर वेग सेकंदाला 0.4 मीटर. मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर, बाजूने धरा आणि स्लो मोशनमध्ये बघा. एएफओ (घोटा आणि पावलाला आधार देणारा ब्रेस) वापरत असतील, तर तो घालूनच चालवा. कमरेला पट्टा बांधून एक माणूस शेजारी हवाच.

गुडघा मागे फेकला जात असेल, तर बहुतेक वेळा पोटरी नडगीला पुढे झुकू देत नाही. मांडीचा पुढचा स्नायू कमजोर असला तरी तसंच दिसतं, म्हणून घोट्याची तपासणी आधी. पाय कात्रीसारखे एकमेकांत येत असतील, तर मांडीच्या आतले स्नायू आखडलेले असतात. पाय बाहेरून अर्धगोल फिरवणं ही पाऊल न उचलल्याची भरपाई आहे. ‘असं फिरवू नका’ म्हणून ओरडलात, तर माणूस अडखळून पडेल.

सरावात दोन गोष्टी सांभाळा. मागचा पाय कंबरेच्या मागे पुरेसा गेला आणि त्यावरचा भार उतरला, की कंबरेच्या भागातली मज्जारज्जूतली यंत्रणा पाय पुढे टाकायचा इशारा पकडते. आखूड, घाईच्या पावलांत तो मिळत नाही. दुसरं, वॉकरवर ओणवं होऊन सगळा भार हातांवर घेतला, तर पायांना वजनच कळत नाही. म्हणून वॉकर मनगटाच्या उंचीला, नजर समोर. ट्रेडमिलवर हार्नेसने (अंगाला बांधून वरून टांगायच्या पट्ट्यांनी) उचलतानाही गुडघा दुमडणार नाही इतकाच आधार द्या आणि तो हळूहळू कमी करा.

घोटा थडथडायला लागला, तर थांबा, बसवा, पाऊल पुढे सरकवून पोटरीचा ताण काढा. कालपर्यंत बरा असलेला कडकपणा एकाएकी वाढला, तर आधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, टोचणारं नख, त्वचेवरची जखम शोधा. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा वर असून डोकं ठणकलं, चेहऱ्याला घाम सुटला, तर सराव बंद. ताठ बसवा, कपडे सैल करा, कॅथेटरची नळी पिळलेली नाही ना बघा आणि डॉक्टरांना फोन लावा.

इजा कमरेच्या अगदी खालच्या नसांची असेल, तर पाय ताठ नाही, लुळा पडतो. तिथे यातलं वेळेचं गणित लागू पडत नाही. एएफओ आणि उरलेल्या स्नायूंची ताकद यांवरच काम करावं लागतं.