मिस्ट्री स्नेलचं कवच झिजतंय? या चुका टाळा

माशांच्या टाकीची काच स्वच्छ राहावी म्हणून बरेच जण गोगलगाय आणतात, आणि गडबड तिथूनच सुरू होते. शेवाळ खाईल, माशांचं उरलंसुरलं खाईल, तिचं तिचं भागेल, असं गृहीत धरलं जातं. पण चकचकीत नव्या टाकीत शेवाळ असतंच कुठे? आपल्याकडे दुकानात पिवळी, निळसर, जांभळट मिळते ती बहुधा मिस्ट्री स्नेल. काही विक्रेते तिला अ‍ॅपल स्नेल म्हणतात. तिला रोज पोटभर खायला लागतं. दुधी, काकडी किंवा पालक वाफवून मऊ करून द्या आणि उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी काढून टाका, नाहीतर पाणी नासतं.

सगळ्यात जास्त गोगलगाई जातात त्या मात्र पाण्यामुळे. त्यांचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, 7 च्या खाली राहिला (पाणी आम्लधर्मी झालं) की ते हळूहळू विरघळतं. आधी टोकाकडचा जुना भाग पांढरा पडतो, मग खड्डे दिसू लागतात. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचं पाणी येतं, ते मृदू, म्हणजे कमी क्षारांचं असतं. कोकणातल्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी तर अनेकदा आम्लधर्मीही असतं. आरओचं पाणी त्याहून वाईट, कारण त्यातले क्षारच काढलेले असतात. बोअरचं जड पाणी आपण पिताना नाक मुरडतो, पण गोगलगाईला बहुधा तेच मानवतं. पीएच 7.2 ते 8 च्या दरम्यान ठेवा आणि पाण्याची कठीणता मोजायचं किट घ्या. पाण्यात विरघळलेलं सगळं एकत्र मोजणाऱ्या नुसत्या टीडीएस मीटरवर विसंबू नका. मीठ घातलं तरी त्याचा आकडा वाढतो, कॅल्शियम किती आहे ते त्यातून कळत नाही.

कॅल्शियमसाठी आयुर्वेदिक दुकानात किंवा पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळणारं समुद्रफेन (कटलफिशचं हाड) उत्तम. पूड नको, अख्खा तुकडा घ्या. धुऊन, उकळून गोडं केलेले शिंपले फिल्टरमध्ये ठेवले तरी चालतात. खायचा चुना मात्र कधीही टाकू नका. त्याने पीएच एकदम उसळतो आणि मासेही मरतात.

कवचाला पडलेले जुने खड्डे भरून येत नाहीत. सुधारणा पाहायची ती तोंडाच्या कडेला, जिथे नवीन वाढ होते तिथे. ती कड जाड आणि गुळगुळीत येऊ लागली की समजा, उपाय लागू पडतोय. कड पातळ, फाटकी येत असेल तर खाण्यातलं आणि पाण्यातलं कॅल्शियम दोन्ही तपासा.

तांबं

माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला की दुकानदार औषधाची बाटली देतो. अशा काही औषधांत आणि शेवाळ मारण्याच्या द्रावणांत तांबं असतं. माशांना सोसेल एवढं तांबंही गोगलगाईचा जीव घेतं. लेबल वाचा. शंका असेल तर औषध टाकण्याआधी तिला वेगळ्या भांड्यात हलवा. तांब्याच्या हंड्यात साठवलेलं किंवा गीझरमधलं पाणीही टाकीत नको. नळाचं पाणी भरताना क्लोरीन काढायचं औषध घाला.

नवी टाकी भरल्या भरल्या तिला सोडू नका. घाणीतून तयार होणारे विषारी अमोनिया आणि नायट्राइट संपवणारे जिवाणू फिल्टरमध्ये बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. पाण्याच्या चाचणीत हे दोन्ही शून्य दिसेपर्यंत थांबा.

तरंगतेय किंवा हालचाल नाही

मिस्ट्री स्नेल नळीसारखा अवयव वर काढून हवेतला श्वासही घेते. आत हवा भरली की ती तरंगते, त्यामुळे तरंगतेय म्हणजे मेली असं नाही. तोंडावरची झाकणी घट्ट मिटलेली असेल तर ती बहुधा जिवंत आहे. झाकणी सैल पडली, अंग बाहेर लोंबतंय आणि उग्र वास येतोय, तर ताबडतोब काढा. एका मेलेल्या गोगलगाईने छोट्या टाकीतलं अमोनिया झपाट्याने वाढतं. काचेला चिकटलेल्या जिवंत गोगलगाईला मात्र ओढून काढू नका, आतला स्नायू दुखावतो. हळूच बाजूला सरकवून सोडवा.

टाकीला झाकण हवंच, कारण ती रात्री बाहेर पडते. पाणी आणि झाकण यांत थोडी मोकळी जागाही ठेवा. अंडी ती पाण्याच्या वर घालते, गुलाबीसर घोसात. घोस पाण्यात बुडाला तर पिल्लं गुदमरतात. पिल्लं नको असतील तर घोस काढून फ्रीझरमध्ये ठेवा, मग टाका. लोच आणि पफर जातीचे मासे सोबत नकोत, ते गोगलगाई खातात.

पाळणं जमेनासं झालं तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. ओढ्यात, विहिरीत, शेततळ्यात सोडू नका. हिच्याच कुळातली गोल्डन अ‍ॅपल स्नेल 1980 च्या सुमारास तैवानमध्ये खाण्यासाठी आणली गेली, आणि पुढे आशियातल्या अनेक देशांत तिने भाताची कोवळी रोपं फस्त केली. टाकीतून काढलेल्या वनस्पतीही नाल्यात टाकू नका, त्यांना बारीक पिल्लं चिकटलेली असतात. त्या उन्हात पूर्ण वाळवूनच फेका, आणि टाकीत हात घातल्यावर साबणाने धुवा.