शालेय मंत्रिमंडळ : बिल्ले वाटण्याआधीची तयारी

येत्या जूनमध्ये ज्यांच्या गळ्यात शालेय मंत्रिमंडळाचं काम पडणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. हे काम आपणहून कोणी मागत नाही. शिक्षकसभेला जो उशिरा येतो त्याच्या नावापुढे ते लिहिलं जातं, माझ्या नावापुढेही तसंच लिहिलं गेलं. पहिल्या वर्षी मी निवडणूक घेतली, शपथविधी केला, बिल्ले वाटले, फोटो काढला आणि मार्चमध्ये बिल्ले मोजून परत घेतले. मधल्या काळात आरोग्यमंत्र्याने परिपाठाला रांगेतल्या मुलांची नखं तपासली, तेवढंच काम झालं.

म्हणून पहिली तयारी मुख्याध्यापकांची करायची, मुलांची नंतर. निकाल-प्रवेशाच्या कामासाठी सर सुट्टीतही शाळेत येतात, तेव्हा चहाच्या वेळी त्यांना गाठा आणि दोन गोष्टी कागदावर घ्या. मंत्रिमंडळाला वर्षभरात किती रुपये स्वतःच्या ठरावावर खर्चता येतील, आणि त्यांच्या अर्जाला किती दिवसांत लेखी उत्तर मिळेल. रक्कम हजार रुपये असली तरी पुरते. उत्तर ‘नाही’ आलं तरी चालेल, मुलं ते समजून घेतात. ‘बघू’ मात्र नको. तीनदा ‘बघू’ ऐकलेला मुख्यमंत्री दिवाळीनंतर बैठकीला येत नाही.

मग खाती ठरवा. राज्याच्या मंत्रिमंडळाची नक्कल केली की गृहमंत्री हातात पट्टी घेऊन व्हरांड्यात फिरतो आणि सांस्कृतिक खात्यासाठी भांडणं होतात. आम्ही गृह आणि सहल ही दोन्ही खाती बंद केली. पाणी, स्वच्छतागृह, तक्रार पेटी, मैदान आणि नवी मुलं अशी पाच ठेवली. गॅदरिंग काय, कोणी मंत्री नसला तरी होतंच.

निवडणुकीबद्दल फार लिहीत नाही, ती सगळ्यांना जमते. मोबाइलवरच्या मतदानयंत्राच्या ॲपने निकाल पाच मिनिटांत लागतो. बोटाला शाई लावा, मुलांना भारी वाटतं. ‘नोटा’चं, म्हणजे ‘यांपैकी कोणीही नाही’चं बटण ठेवा, देशात ते २०१३ पासून आहे. चॉकलेट वाटणाऱ्याचा अर्ज बाद होईल हे आधीच सांगा आणि खरंच बाद करा. राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत, तोच हिशेब शाळेत लावा. मात्र मुलींना नुसत्या ‘उप’पदांवर बसवू नका.

शपथविधीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात एक दोनशेपानी वही घेऊन मंत्र्यांसोबत शाळेची फेरी मारा. फेरी मधल्या सुट्टीतच मारायची, कारण तास चालू असताना सगळ्या शाळा चांगल्या दिसतात. आमच्या फेरीत मुलींच्या स्वच्छतागृहासमोर नववीतल्या एका मुलीने मला थांबवलं. ‘बाई, आत जाऊन दार लावून बघा,’ म्हणाली. दाराला कडीच नव्हती. स्क्रूची चार भोकं होती, त्यातल्या एकात सुतळी ओवलेली. आत जाणारीने सुतळी ओढून धरायची किंवा मैत्रिणीने बाहेर पाठ टेकून उभं राहायचं. हे किती दिवस चाललंय, विचारलं. ‘मी पाचवीत आले तेव्हापासून.’ मी त्याच इमारतीत शिकवत होते, पण शिक्षिकांचं स्वच्छतागृह वेगळं आहे, त्याला कडी आहे.

वहीत पहिल्या पानावर कडी लिहिली गेली आणि तिच्यामागून पाणी आलं. पाणीमंत्र्याचं म्हणणं, नळ पुरेत, कारण मुलींच्या बाजूच्या नळांवर गर्दीच नसते. स्वच्छतागृहमंत्री झालेल्या मुलीने त्याला सगळ्यांसमोर समजावलं, की मुली पाणी पीत नाहीत, कारण प्यायलं तर जावं लागतं. मुलगा गप्प झाला. तेव्हापासून ही दोन्ही खाती एकत्र बैठक घेतात. तुमच्याकडेही पाण्याची मोजणी करताना नुसते नळ मोजू नका, भरून आणलेल्या किती बाटल्या संध्याकाळी तशाच घरी जातात ते मोजा. केरळातल्या शाळांत २०१९ मध्ये पाणी पिण्याची वेगळी घंटा सुरू झाली. आम्हीही ती वाजवतो, पण कडी बसवल्यानंतर. आधी वाजवली असती तर मुलींनी बाटली नुसती तोंडाला लावली असती. पॅडसाठी झाकणाचा डबा आणि तो रिकामा करणाऱ्या मावशींसाठी हातमोजे हा खर्च त्याच हजारात बसवा. मावशींना आधी विचारा मात्र, त्यांच्यावर काम लादून ठराव करू नका.

नव्या मुलांच्या खात्याला काय काम, असं काही जण विचारतात. वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांतून मुलं पाचवीत किंवा आठवीत आपल्याकडे येतात. पहिल्या आठवड्यात त्यांना गावावरून, आडनावावरून, बोलण्यावरून नावं पडतात आणि ती दहावीपर्यंत चिकटतात. म्हणून १५ जूनच्या सुमाराला शाळा उघडण्याआधी प्रत्येक नव्या मुलामागे नववीतला एक सोबती ठरवून ठेवा. सोबत्याने डबा त्याच्यासोबत खायचा, ऑफिस कुठे ते दाखवायचं, एसटीच्या पाससाठी बोनाफाइड काढून द्यायचं. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे, हे पुष्कळ पालकांना माहीत नसतं. आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेत खिचडी मिळते, नववीला नाही. तरी सोबती नव्या मुलासोबत जेवेल त्या दिवशी त्यालाही ताटात वाढा, कोणी हिशेब विचारला तर माझं नाव सांगा.

याच खात्याने दुसऱ्या वर्षी एक अर्ज आम्हा शिक्षकांविरुद्धच दिला. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना आम्ही भर वर्गात ‘एस्सीचे उभे राहा, ओबीसीचे हात वर करा’ म्हणायचो. पंधरा वर्षं म्हटलं असेल, वाईट हेतूने नव्हे, घाईने. अर्जात दोनच ओळी होत्या : फॉर्म ऑफिसात बोलावून द्यावेत, वर्गात जात विचारू नये. शिक्षकसभेत थोडी कुरकुर झाली, मग ठराव झाला. ७ नोव्हेंबरला महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस असतो. १९०० साली त्या तारखेला साताऱ्याच्या शाळेत ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव दाखल झालं. शिपायाने वरून ओतलं तरच पाणी मिळायचं, ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्या दिवशी भाषणं होतीलच, पण मंत्रिमंडळाने वही काढून नळ, बाकं आणि खेळातल्या टीम पुन्हा बघाव्यात, कोण कोणाशेजारी नाही ते लिहावं.

तक्रार पेटीबाबत हयगय नको. ती सरकारी आदेशानेच बंधनकारक आहे आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या घटनेनंतर त्याची पुन्हा आठवण करून दिली गेली. पेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर लावू नका, तिथे कोणी चिठ्ठी टाकत नाही. आमची पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या वळणावर आहे. किल्ली मुलांकडे द्यायची नाही. उघडताना एक शिक्षिका आणि शाळेच्या समितीचा सदस्य हवा, आणि पंखा बंद आहे, बाकडं मोडलंय अशा चिठ्ठ्याच मंत्रिमंडळाकडे जातील. अंगाला हात लावण्याची, पाठलागाची चिठ्ठी मुलांच्या हाती पडताच कामा नये. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती माहिती कळलेल्या माणसाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ‘शाळेचं नाव’ हा मुद्दा तिथे येत नाही. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक पेटीवर ठळक रंगवून घ्या.

शाळेबाहेरच्या टपरीचाही विषय निघेल. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. मुलांनी टेपने अंतर मोजावं, कागदावर नकाशा काढावा, अर्ज सरांच्या सहीने जाऊ द्यावा. टपरीवाल्याशी वाद घालायला त्यांना पाठवू नका. आमच्याकडे तो एका मंत्र्याचा मामा निघाला, दोन आठवडे त्या पोराला घरी बोलणी बसली.

शेवटी फेब्रुवारी. दहावीची मुलं परीक्षेला जायच्या आत जुन्या मंत्र्यांनी नववीच्या मुलांना वही द्यावी, झालेली कामं हिरव्या आणि राहिलेली लाल शाईने लिहून. लाल शाईचं प्रमाण बघून घाबरू नका. वहीच्या पुठ्ठ्याला एक पाकीट चिकटवा आणि त्यात चार जादा स्क्रू टाकून ठेवा. आमची कडी जानेवारीत पुन्हा निघाली होती.