बहिणीची सही घेण्याआधी: भावांसाठी

वडील गेले आणि जमिनीचा विषय निघाला की "बहिणी सोडतीलच की" असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. सोलापूर जिल्ह्यात तलाठी असताना हक्कसोडपत्रावरून, म्हणजे वारसाने आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावरून, मी ढिगाने फेरफार (नाव बदलाच्या नोंदी) केले. सगळ्यांत बहीण सोडणारी आणि भाऊ घेणारा. भावाने बहिणीसाठी हिस्सा सोडल्याची नोंद माझ्या हातून एकही झाली नाही. मी दोन बहिणींचा एकुलता भाऊ, म्हणून हे भावांसाठीच लिहितोय.

पहिलं काम वहीत करा, एकट्याने. मुलगा म्हणून तुम्हाला काय काय मिळालं ते लिहून काढा. कोण कितवीपर्यंत शिकलं, बाहेरगावी खोली कुणाला करून दिली, पाइपलाइनचं कर्ज कुणासाठी काढलं, घर कुणाच्या नावावर आहे. माझ्या पानावर पंढरपूरचं कॉलेज आणि मेसचे पैसे आले. ताईची शाळा सातवीत सुटली, कारण पुढची शाळा ओढ्यापलीकडे होती आणि पोरीला एकटीला पाठवायचं नव्हतं. तोच ओढा ओलांडून मी रोज जात होतो. बहिणीच्या लग्नाचा खर्च धरणार असाल तर स्वतःच्या लग्नाचाही धरा. हुंड्याचं म्हणाल, तर तो देणं-घेणं १९६१ पासून गुन्हा आहे. त्याला वाटणी म्हणू नका.

मग कायदा समजून घ्या. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या हिश्श्यात आई, मुलगे, मुली सारखेच वाटेकरी. वडिलोपार्जित जमिनीत महाराष्ट्राने मुलींना १९९४ मध्ये हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या त्यातून वगळल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद गेला. २००५ मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जन्मानेच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे हिस्सा बहिणीचाच आहे, तुम्ही तो "देत" नाही. बोलताना हे ध्यानात ठेवा, निम्मा सूर तिथेच बदलतो.

वारसाची वर्दी तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यायची असते. अर्जात सगळ्या बहिणींची नावं घाला, सासरच्या चालू पत्त्यासह. पत्ता जुना दिला की नोटीस तिच्यापर्यंत पोचतच नाही आणि हरकतीचे पंधरा दिवस निघून जातात. असे प्रकार मी पाहिलेत; ते नेहमीच अजाणता होत नाहीत. भाऊ ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून सातबाऱ्यावर कब्जेदार, म्हणजे मालकाच्या जागी, आणि बहिणी बाजूच्या "इतर हक्कात", ही जुनी रीत मोडा. सगळ्यांची नावं कब्जेदार सदरी येऊ द्या. पीककर्ज असो की रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला, सातबाऱ्यावरचं नाव बघूनच मिळतो.

सगळ्यात अवघड काम बहिणीशी बोलण्याचं. दहाव्या-तेराव्याला नको, भाऊबीजेच्या ताटापाशी तर नकोच. चार पावणे बसलेत, आई डोळे पुसतेय, अशा वेळी कुठली बहीण "मला पाहिजे" म्हणेल? तिच्या घरी जा. सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा) आणि फेरफाराच्या नकला तिच्या हातात द्या, तिच्या माणसाला दाखवायला सांगा आणि उत्तर न मागता परत या. मी असंच केलं. ताई म्हणाली, "मला काय करायचंय जमीन? माहेर राहू दे म्हणजे झालं." हे ऐकून बरेच भाऊ सुटकेचा श्वास टाकतात. मला ते वाक्य टोचलं. वर्षातून दोनदा येऊन राहायचं, आणि त्याची किंमत एवढी? मी तिला सांगितलं, नाव लागेल आणि दिवाळीला गाडीही येईल न्यायला. त्या वर्षीच्या उसाच्या बिलातला तिचा वाटा खर्च वजा करून तिच्या खात्यावर टाकला, हिशेबाच्या कागदासकट. धाकटीने मात्र सरळ हिस्सा मागितला. गावात तिला नावं ठेवली गेली, तेव्हा पारावर तिच्या बाजूने मीच बोललो. ते भावानेच बोलायला हवं; तिने बोललं की भांडखोर ठरते.

बहीण खरोखरच सोडते म्हणाली तरी वर्षभर थांबा. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र सहजासहजी मागे फिरत नाही. पैसे घेऊन सोडणार असेल तर चालू बाजारभावाने द्या, साडीचोळीवर भागवू नका. सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप होतं, नंतर भूमी अभिलेखची मोजणी. तुकडा फारच लहान पडत असेल तर सामाईक ठेवा आणि उत्पन्न दरसाल वाटा.

बायकोचं नाव सातबाऱ्यावर नसेल तर तेही लावून घ्या. तिने माहेरचा हिस्सा मागायचा की नाही, हे तिचं तिला ठरवू द्या.

एवढं झालं की बांधावर नजर टाका. आपल्याला वाटणीचा प्रश्न तरी पडतो. आपल्या रानात राबणाऱ्या मातंग, पारधी घरांत बहुतेकांकडे वाटायला जमीनच नाही. तिथे खुरपणीची हजेरी बाईला कमी आणि गड्याला जास्त का, हे विचारायला सुरुवात करा. सारख्या कामाला सारखी मजुरी हा नियम कायद्यात १९७६ पासून आहे. यंदाच्या ज्वारी काढणीला तो आपल्या रानापासून लावा आणि शेजाऱ्यांनी "दर बिघडवला" म्हणून तक्रार केली तरी दर उतरवू नका.