गणपतीच्या प्रोग्रामआधी इलेक्ट्रिक गिटार कशी तयार करायची

पोळा जवळ आला की आपल्या नागपुरात घरोघरी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल माळ्यावरून खाली येतो, त्याला पुसतात, रंग कुठे उडाला ते बघतात, चाक हलून राहिलं असेल तर बसवतात. गिटारपण त्याच दिवसांत कव्हरातून काढायची असं मी ठरवून टाकलंय, कारण पोळा झाला की चार दिवसांत गणपती अन् मग मंडळाचे प्रोग्राम, तेव्हा बर्डीच्या बाजारात तारा आणायला पळायची वेळ येऊ नये. हे सगळं एका दिवसात होत नाही, लाकडाला वेळ द्यावा लागतो, म्हणून आठ-दहा दिवस हातात ठेवा. अन् क्रम पाळा, ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती. आधी तारा, मग मान, मग तारांची उंची, मग सूर अन् शेवटी आतलं वायरिंग. पोरं उलटं करतात, पहिले पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारी तारांखालची चुंबकं, बदलायच्या गोष्टी करतात अन् तारा दीड वर्षाच्या गंजलेल्या असतात.

तर पहिल्या दिवशी नव्या तारा. ९-४२चा सेट (हे आकडे तारांच्या जाडीचे) लावत असाल तर तोच लावा, यंदा एकदम १०-४६ लावायचा मोह नको, तारा जाड झाल्या की ताण वाढतो, मान पुढे ओढली जाते अन् पुढचं सगळं सेटिंग परत करावं लागतं. ब्रिज, बॉडीवर तारा जिथे बसतात तो भाग, तरंगता असेल, म्हणजे मागे स्प्रिंगवाला, तर एक तार काढा, एक लावा, सगळ्या एकदम काढल्या तर स्प्रिंग ब्रिजला मागे ओढून बसवते अन् मग तास जातो. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत. तार लावली की ती हाताने हळू वर ओढायची, परत सुरात घ्यायची, परत ओढायची, असं चार-पाच वेळा, जोवर सूर उतरायचा थांबत नाही तोवर. सूर लावताना खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीत टणक असा आवाज येऊन तार एकदम उडी मारत असेल तर खुंट्या खराब नाहीत, तार पट्टीच्या खाचेत अडकून राहिली आहे, खाचेत टोकदार पेन्सिल घासा, शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट तिथे वंगणाचं काम करते.

काही जण फ्रेटबोर्ड, म्हणजे मानेवरची बोटं दाबतो ती लाकडी पट्टी, पुसायला सगळ्या तारा काढतातच, ठीक आहे, मग ब्रिजखाली फडक्याची घडी सारून ठेवा. रोझवूडचा काळपट बोर्ड कोरडा पडला असेल तर गिटारसाठी मिळते ते लेमन ऑइल दोन थेंब, पाच मिनिटांनी पुसून कोरडं. घरचा लिंबाचा रस नाही, खोबरेल तर अजिबात नाही, ते लाकडात बसून खवट होते. मेपलचा पिवळा चकचकीत बोर्ड असेल तर त्यावर पॉलिश असते, तेल आत जातच नाही, ओलसर फडकं बस झालं. फ्रेट, म्हणजे बोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, काळे पडले असतील तर दोन्ही बाजूंच्या लाकडावर मास्किंग टेप लावून ब्रासोने घासा. स्टील वूल वापरत असाल तर पिकअप आधी टेपने झाका, नाहीतर त्या बारीक बारीक तारा चुंबकाला जाऊन चिकटतात अन् निघता निघत नाहीत.

आता मान, म्हणजे नेक. इथे आपल्या गावाचं हवामान समजून घ्यावंच लागते. मे महिन्यात नागपूर ४५ डिग्रीच्या वर जाते, हवा कोरडी ठणठणीत, लाकूड आक्रसते. मान बहुतेक वेळा सरळ होते किंवा थोडी मागे जाते अन् तारा फ्रेटवर झणझणायला लागतात. याच दिवसांत मानेच्या कडेला हात लावला तर फ्रेटची टोकं बोटाला टोचतात, कारण बोर्ड रुंदीत आकसला, फ्रेट तेवढाच राहिला. मग आपण काय करतो, ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतला धातूचा दांडा, थोडा सैल करतो, झणझण थांबते, आपण खूश. अन् जून संपता संपता पाऊस लागला की तेच लाकूड ओल पिते, मान पुढे झुकते, त्यात रॉड आपणच सैल केलेला, म्हणून ऑगस्टमध्ये तारा बोटभर वर आल्यासारख्या वाटतात अन् पोरगं म्हणते गिटार खराब झाली. काही खराब झालं नाही बाप्पा, ऋतू बदलला. नागपुरात वर्षातून दोनदा तरी मान बघावीच लागते, एकदा होळीनंतर, एकदा पोळ्याला.

बघायचं असं की पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा, सहावी म्हणजे सगळ्यात जाड तार जिथे मान बॉडीला मिळते त्या फ्रेटवर दाबा अन् मधे सातव्या-आठव्या फ्रेटवर तार अन् फ्रेट यांच्यात किती फट आहे ते मोजा. ०.२ ते ०.२५ मिलीमीटर असली की छान. मोजायला टू-व्हीलरचे मेकॅनिक टॅपेट सेट करताना वापरतात तो फीलर गेज घ्या, ऑटो पार्टच्या दुकानात मिळतो, नसेलच तर साधं व्हिजिटिंग कार्ड, त्याची जाडी साधारण त्याच्या आसपास येते. फट जास्त असेल तर रॉडच्या तोंडाकडे समोरून बघत घड्याळाच्या दिशेने फिरवायचं, फट नसेलच तर उलटं. एका वेळी पाव आट्याच्या वर नाही! एलएन-की, म्हणजे रॉड फिरवायची षटकोनी चावी, पूर्ण आत बसली पाहिजे, ढिली बसून राहिली तर साइज चुकली, फिरवू नका, आतलं तोंड गोल झालं तर ते काम फार महागात जाते. पाव आटा फिरवून परत सूर लावा, रात्रभर ठेवा, सकाळी परत मोजा. जोर लावावा लागत असेल तर तिथेच थांबा अन् जाणकाराला दाखवा.

मान जमली की मगच तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर स्टीलची पट्टी ठेवून सहावी तार २ मिलीमीटरच्या जवळ, पहिली दीडच्या जवळ, इथून सुरू करा अन् मग आपल्या हाताप्रमाणे. ब्रिजवरचे बारीक स्क्रू गंजून जाम झाले असतील, अन् कूलरसमोर गिटार उभी ठेवणाऱ्यांचे होतातच, कारण उन्हाळाभर ती ओली हवा अन् शिंतोडे थेट लोखंडावर जातात, तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकाने प्रत्येक स्क्रूवर सोडा अन् दुसऱ्या दिवशी फिरवा. तेल लाकडावर जाऊ देऊ नका. अन् पुढच्या उन्हाळ्यात गिटार कूलरच्या झोतातून हलवा, हे आताच सांगून ठेवतो.

मग सूर. मोकळी तार ट्यूनरवर बरोबर लावली, तीच तार बाराव्या फ्रेटवर नेहमीच्या जोराने दाबून वाजवली तर तोच सूर एक सप्तक वर यायला पाहिजे. फ्रेटवर चढा येत असेल तर सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार टेकते तो तुकडा, मागे घ्यायचं म्हणजे तार लांब होते, उतरता येत असेल तर पुढे. प्रत्येक वेळी सॅडल हलवल्यावर मोकळी तार परत सुरात घेऊन मगच तपासा, हे विसरलात तर गोल गोल फिरत राहाल.

एवढ्यात स्ट्रॅपची बटणंपण हलवून बघा. स्क्रू नुसता फिरून राहिला असेल तर भोक मोठं झालंय, काडेपेटीच्या दोन काड्या, गूल तोडून, फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, वर आलेलं कापा, रात्रभर वाळू द्या अन् स्क्रू परत आवळा. उभ्याने वाजवताना गिटार खांद्यावरून सुटून पडली तर मान तुटते, त्यामानाने हे काम दहा मिनिटांचं.

आता वायरिंग, अन् इथे मी जरा जास्त बोलणार आहे. दोन वर्षांआधी आमच्या मंडळाच्या प्रोग्राममध्ये दुसऱ्याच गाण्यात माझ्या गिटारचा आवाज गेला. केबल बदलली, ॲम्प बदलला, काही नाही, अन् समोर अख्खी कॉलनी बसलेली, लहान पोरं पुढे, आजी-आजोबा खुर्च्यांवर, मी उरलेला प्रोग्राम नुसता उभा होतो. घरी येऊन जॅकची, म्हणजे केबल जिथे लागते तिथली, प्लेट उघडली तर आतली पांढरी वायर पिळून दोरीसारखी झालेली अन् टोकाशी तुटलेली, फक्त एक केसाएवढा धागा टिकून. झालं असं होतं की बाहेरचा नट कधीचा ढिला होता, मी दरवेळी बोटाने नाहीतर पक्कडने आवळायचो, अन् नटासोबत आतला पूर्ण जॅकच फिरायचा. दर आवळण्यात वायर थोडी पिळायची, एकेक धागा तुटायचा. म्हणून नट ढिला वाटला की प्लेट उघडा, आतून जॅक एका हाताने घट्ट धरा, मगच बाहेरून पान्याने आवळा. अन् प्लग घातल्यावर ढिला वाटत असेल तर जॅकमधला तो वाकडा पत्रा, जो प्लगच्या टोकाला टेकतो, तो किंचित आत वाकवा, एवढ्यानेच निम्म्या गिटारची खरखर जाते.

सोल्डर मला महाल भागातल्या एका काकांनी शिकवलं, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. गिटार त्यांनी कधी हातात घेतली नव्हती पण माझी उघडून बघितली अन् म्हणाले, यात आहेच काय, व्हॉल्यूम, टोन, एक कपॅसिटर, हा तर आपला रेडिओ. ते बरोबर होते. स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली ज्याने बाजारात आणली तो लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणाराच, अमेरिकेत फुलरटनला १९३८ मध्ये त्याने रेडिओचं दुकान टाकलं होतं, अन् त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मान चार स्क्रूंनी बसवली कारण दुरुस्त करायला, बदलायला सोपं पडावं. म्हणून आतलं बघून घाबरू नका. जॅकला २५ वॅटचा आयर्न पुरतो, पॉटच्या, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवर अर्थची वायर लावायची तर ४०-५० वॅटचा लागते. ६०-४०चं सोल्डर घ्या. आधी पत्रा अन् वायर गरम करायची, मग त्याला सोल्डर द्यायचं, आयर्नच्या टोकावर वितळवून वरून थापायचं नाही. तसं थापलेलं म्हणजेच ड्राय सोल्डर, दिसायला गोळा दिसते पण हललं की आवाज जाते. खिडकी उघडी ठेवा, काम झालं की हात साबणाने धुवा, शिसं असते त्यात.

बिघाड कुठे आहे ते कळायला साधा मल्टीमीटर पुरतो. गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण ठेवा, केबलच्या दुसऱ्या टोकाला प्लगच्या टोकावर मीटरची एक वायर, दांड्यावर दुसरी. सिंगल कॉइलला, म्हणजे एका गुंडाळीच्या पिकअपला, साधारण ५ ते ८ किलोओम येतात, हंबकरला, म्हणजे दोन गुंडाळ्यांच्या, ७ ते १६. काहीच आलं नाही तर कुठेतरी तार तुटली, शून्य आलं तर शॉर्ट. स्विच एकेका जागी नेत वाचा म्हणजे कोणता पिकअप गप्प आहे तेपण समजते. पिकअपच्या आसपास पेचकस सांभाळून, आतली तांब्याची तार केसाहून बारीक असते अन् तिचे हजारो वेढे असतात, एक तुटला की पिकअप गेला. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर आधी नुसताच वीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवा, नाही गेली तर पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, गंज सोडवायचा स्प्रे नको, तो तेलकट थर सोडते. ॲम्प मात्र स्वतः उघडू नका, व्हॉल्व्हवाला तर नाहीच, प्लग काढल्यावरपण आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहू शकतात.

प्रोग्रामच्या दिवशी बॅगेत एक जास्तीचा तारांचा सेट, पहिली तार दोन नग, दोन केबल, ९ व्होल्टची बॅटरी, एलएन-की, छोटा पेचकस, टेप, सुकं फडकं, टेस्टर अन् मल्टीमीटर. पेडल बॅटरीवर असतील तर वाजवत नसताना त्यांचा प्लग काढून ठेवा, प्लग लागलेला असला की बॅटरी उतरत राहते. पाऊस असेल तर कव्हरावर प्लॅस्टिक, अन् अर्धा-पाऊण तास आधी पोचून कव्हर उघडून ठेवा, गिटार मंडपाच्या हवेत स्थिरावली की मग सूर लावा.

अन् मंडपातली लाइट. यात हयगय करू नका. गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात, माइकची जाळीपण, दोघांपैकी एकाचा अर्थ नीट नसला तर हात तारांवर अन् ओठ माइकवर लागल्यावर करंट तुमच्यातून जाते. स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीला स्टेजवर असाच गेला. थ्री-पिनची वरची जाड पिन कोणी गुणगुण जावी म्हणून काढली असेल तर ती केबल वापरूच नका. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून माइकची जाळी अन् गिटारची तार यांच्यामधे बघा, दोन-चार व्होल्टच्या वर दाखवलं तर साउंडवाल्या दादांना बोलवा अन् ते नीट होईपर्यंत वाजवू नका. जनरेटर असेल तर अर्थ कुठे गाडला तेही विचारा, त्यांना राग आला तरी चालेल. माइक, ॲम्प, पेडल एकाच पॉइंटवरून घ्या. हे सगळं नीट असूनही सिंगल कॉइल गुणगुणत असेल तर लायटिंगच्या माळा अन् डिमरपासून दूर उभे राहा, जागच्या जागी थोडं वळून बघा, एका कोनात गुणगुण खूप कमी होते. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी व्हायला पाहिजे, काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखालची अर्थची वायर सुटली असू शकते, ती घरी बघा.

वाजवून झालं की तारा फडक्याने वरून अन् खालून पुसा, घामानेच त्या आठ दिवसांत काळ्या पडतात. कव्हर ओलं असेल तर गिटार त्यात रात्रभर ठेवू नका, भिंतीला टेकवून ठेवा, सकाळी कव्हर वाळलं की आत टाका.