इंद्रायणीचं बियाणं धरताना आधी उंच रोपं काढा

मावळ-मुळशीकडे इंद्रायणी भात पिवळा पडू लागला आहे. पुढच्या जूनचं बियाणं झोडणीनंतरच्या राशीतून घेऊ नका, उभ्या खाचरातूनच निवडा. त्यासाठी कापणीआधीचे हे आठ-दहा दिवसच हातात असतात.

सकाळी बांधावर उकिडवं बसून लोंब्यांच्या रेषेत नजर टाका. वीतभर वर डोकावणारी, लवकर पिकलेली किंवा कुसळ वेगळं असलेली रोपं मुळासकट उपटा. भातात परागीकरण बहुतेक त्याच फुलात उरकतं, शेजारच्या वाणाशी संकर सहसा एक टक्क्याच्याही आत. तरी बियाण्यासाठी दुसऱ्या वाणाच्या खाचरापासून तीन मीटर पट्टा सोडाच.

मेंडेलने 1866 साली वाटाण्यावर जे मांडलं, ते इथे शेतकऱ्याच्या फायद्याचं आहे. भातात उंचपणा प्रभावी, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडून आला तरी दिसणारा; तर आयआर-8 या वाणातला बुटकेपणा अप्रभावी, म्हणजे दोघांकडून आला तरच दिसणारा. सुवासिक भातांत वासही बहुधा अप्रभावीच. अप्रभावी गुण दिसला म्हणजे तो त्या बाबतीत शुद्ध. उंच रोपाच्या पोटात मात्र काय दडलंय ते सांगता येत नाही.

म्हणून वासाची परीक्षा लोंबीगणिक करा. प्रत्येक निवडक लोंबीतले चार-पाच दाणे सोलून एकेक चावून बघा. सगळे एकदम चावू नका, गरम पाण्यात एकत्र भिजवूही नका, कारण संकरित रोपाच्या लोंबीतही चारातला एक दाणा वासाचा निघतो आणि तोच बाकीच्यांना झाकतो. एक जरी बिनवासाचा लागला, तर ती लोंबी खाण्याच्या पोत्यात. तंबाखू खाऊन ही परीक्षा होत नाही, हे वेगळं सांगायला नको!

इंद्रायणी आंबेमोहोर-157 आणि आयआर-8 यांच्या संकरातून 1987 मध्ये आली. वासाचा जनुक आठव्या गुणसूत्रावर, बुटकेपणाचा पहिल्या. वेगळ्या गुणसूत्रांवरचे गुण एकमेकांना बांधलेले नसतात, हवे तसे जुळवता येतात. एकाच गुणसूत्रावर शेजारी असले की मात्र जोडीनेच उतरतात. पहिल्या गुणसूत्रावर अवर्षण सोसण्याचा एक भाग उंचपणाच्या जनुकाला अगदी खेटून आहे. बुटक्या वाणांच्या मागे लागताना तो हातचा गेला. पुढे हजारो रोपं तपासून संशोधकांनी ती जोडी तोडली. चार लोंब्या निवडून हे घरी जमत नाही, तेव्हा ‘उंच पण काटक’ म्हणून भेसळीचं रोप राखून ठेवू नका.

ज्याचं बी दर वेळी नव्याने संकर करून तयार होतं त्या संकरित भाताचं, म्हणजे सह्याद्रीसारख्या वाणाचं, बी धरूच नका. पुढच्या पिढीत उंची, पक्वता सगळं फुटतं, एकसारखं राहत नाही.

निवडलेल्या लोंब्या वेगळ्या कापा, ताडपत्रीवर वेगळ्या झोडा. ओलावा 13 टक्क्यांवर येईपर्यंत वाळवा. मळणी यंत्र वापरणार असाल तर आधी ते झाडून घ्या, निम्मी भेसळ तिथेच होते. पेरणीआधी दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालून तरंगणारं बी काढायचं आहे, पण ते जूनमध्ये.