निवेदनाआधी टेप घ्या

नगरपालिकेत रॅम्प मागायला जाणार असाल तर निवेदन नंतर लिहा, आधी हार्डवेअरच्या दुकानातून मोजायची टेप आणा. इमारतीपाशी जाऊन पायऱ्या मोजा. हिशेब सोपा आहे, एक इंच चढाला एक फूट लांबी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट रॅम्प हवा. आमच्याकडे एका कार्यालयात अशाच तीन पायऱ्यांवर सहा फुटांचा रॅम्प ओतला आणि थाटात फीत कापली. चढताना मला मागून दोघांनी ढकललं. उतरताना चौघे लागले, त्यातला एक जण पुढे उभा राहून व्हीलचेअर छातीने अडवत होता. म्हणून नुसतं ‘रॅम्प करून मिळावा’ असं लिहू नका, तेवढं ते करून देतात. लांबी, किमान १२०० मिलिमीटर रुंदी, दोन्ही बाजूंना धरायला कठडा, वर-खाली व्हीलचेअर वळेल एवढी सपाट जागा, सगळं आकड्यांत लिहा.

फोटो गर्दीच्या वेळी काढा, म्हणजे रॅम्पच्या तोंडाशी लावलेल्या मोटरसायकलीही येतील. दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह असेल तर ते उघडायला लावा. आत बहुतेक फिनेलचे कॅन आणि मोडक्या खुर्च्या निघतात, आणि किल्ली ज्या शिपायाकडे असते तो चहाला गेलेला असतो.

एकट्याने जाऊ नका. मी कित्येक वर्षं रॅम्प, रॅम्प एवढंच करत होतो. एकदा सोबतचा अंध मित्र खोली क्रमांक शोधायला एकेक दार चाचपत निघाला तेव्हा उजाडलं. कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, निवेदनात निदान तीन-चार तरी दिसू देत. हाताला कळतील अशा पाट्या, नंबर पुकारण्याबरोबरच फलकावरही दिसणं, बसून बोलता येईल एवढी खाली खिडकी. कर्णबधिर मंडळी येणार असतील तर दुभाषा आधी ठरवा, ऐन वेळी मिळत नाही.

कागदांत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची कलमं ४४ आणि ४५ झेरॉक्स करून लावा. नवी इमारत नियमांत बसत नसेल तर पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही, हे ४४. जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या, हे ४५. नियम जून २०१७ चे, आता तुम्हीच मोजा. ‘मार्गदर्शक सूचना आहेत हो, सक्ती नाही,’ असं कोणी म्हणालंच तर नोव्हेंबर २०२४ चा राजीव रतुरी खटल्याचा निकाल पुढे करा. सुगमतेचे नियम नुसते शिफारसवजा ठेवणं कायद्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलंय.

‘निधी नाही’ हे उत्तर ठरलेलंच आहे. त्यावर तयारी महिनाभर आधी करावी लागते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारा की नगरपालिकेने दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा पाच टक्के निधी गेल्या तीन वर्षांत किती होता आणि कशावर खर्च झाला. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. ते हातात आलं की मग भेटीची वेळ मागा.

निवेदनाच्या दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. पोच नसेल तर पुढे पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करताना हात रिकामे राहतात. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, जवळ ठेवा. त्या दिवशी चहा-पाणी बेतानेच घ्या, कारण उघडच आहे.

साहेब पहिल्या मजल्यावर असतील आणि लिफ्ट नसेल. ‘उचलून नेतो ना,’ असं शिपाई मायेने म्हणतील. नाही म्हणा, साहेबांनाच खाली बोलवा, बरोबर बांधकामचे इंजिनिअरही येऊ देत. मग टेपचं एक टोक इंजिनिअरच्या हातात द्या.